हट्टीपणा म्हणू नका



आमच्या बहिणीचा मुलगा डाऊन सिंड्रोमचा, वय 51. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर ग्लास मांडायचं काम त्याचंच. दुसऱ्या कोणी हात लावलेला खपत नसे. मग एकाएकी तो ग्लास हातात धरून नुसता उभा राहायला लागला. बहीण म्हणाली, "फार हट्टी झालाय गं." दवाखान्यात सांगितलं तर उत्तर मिळालं, "हे लोक असेच असतात." आम्ही इतकी वर्षं नर्सचं काम केलं, तरी आम्हीसुद्धा मान डोलावली. त्याचं अजून वाईट वाटतं.

मुलांनो, माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात. डाऊनमध्ये 21 व्या क्रमांकाची दोनऐवजी तीन असतात, हे फ्रान्समध्ये 1959 साली कळलं. ॲमिलॉइड ज्या प्रथिनापासून होतं, त्याची कृती नेमकी याच गुणसूत्रावर लिहिलेली आहे. मलिद्यात दोन वाट्यांऐवजी तीन वाट्या साखर पडावी, तसं हे प्रथिन जन्मभर जास्त तयार होतं. त्याचे चिकट तुकडे मेंदूत साचतात. अल्झायमरच्या आजारात साचतात ते हेच. चाळिशीपर्यंत डाऊनच्या जवळजवळ सगळ्यांच्या मेंदूत ते सापडतात. विसरभोळेपणा बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसू लागतो. पूर्वी ही माणसं इतकी जगतच नसत, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आणखी एक. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो रसायनांच्या हाती. त्यातलं ॲसिटिलकोलीन आठवणीसाठी फार गरजेचं, आणि ते बनवणाऱ्या पेशीच या आजारात मरत जातात. डोनेपेझिलची गोळी उरलेलं ॲसिटिलकोलीन लवकर मोडू देत नाही. पण आजार थांबत नाही. आणि नाडी मंद होऊ शकते, तेव्हा शेजारणीची गोळी आपल्या मुलाला देऊ नका!

डाऊनमध्ये पुष्कळदा विसरण्याआधी स्वभाव बदलतो. माणूस गप्प होतो, चिडतो, रोजचं काम टाळतो. पण प्रत्येक वेळी अल्झायमरच असेल असंही नाही. थायरॉईड, कान, डोळे, झोप आणि मनाची उदासी आधी तपासून घ्यावी. भाच्याचं थायरॉईड कमी निघालं. गोळीने तो थोडा हुशार झाला, पण ग्लास काही जमेनात. मग मोठ्या डॉक्टरांनी अल्झायमरचं निदान केलं.

त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दहा वर्षांपूर्वी याला काय काय येत होतं?" बहिणीला नीट सांगता येईना. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी ते पस्तिशीचं व्हायच्या आतच वहीत लिहून ठेवावं: चहा करतो का, बटणं लावतो का, कोणाकोणाची नावं घेतो.

आता बहीण एकेक ग्लास हातात देते आणि तो मांडतो.