निवृत्तिवेतन आणि वास्तव्याचा देश

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून बाहेर पडले. संघातील मुक्त संचाराचा हक्क त्या वर्षअखेर संपला. स्पेनमध्ये घर असूनही तेथे कायम वास्तव्य नसणाऱ्या ब्रिटिश नागरिकास तेव्हापासून स्वतःच्याच घरी, व्हिसावाचून, १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. तेथे स्थायिक झालेल्यांचे सरकारी निवृत्तिवेतन मात्र पूर्ववत दरवर्षी वाढते. कारण तशी तरतूद करारांत करून घेण्यात आली.

ब्रिटनमध्ये नोकरी करून उतारवयात देवनारला परतणाऱ्या मराठी गृहस्थाची स्थिती नेमकी उलट असते. तो ब्रिटिश नागरिक झाला असला, तरी ओसीआय नोंदणीमुळे त्यास येथे आजन्म राहता येते, सदनिकाही विकत घेता येते. (शेतजमीन घेता येत नाही; वारशाने आल्यास गोष्ट वेगळी.) परंतु त्याचे निवृत्तिवेतन गोठते. मूळ निवृत्तिवेतनाचा पूर्ण दर २०१०-११ मध्ये आठवड्यास ९७.६५ पौंड होता; २०२५-२६ मध्ये तो १७६.४५ पौंड झाला. २०१०-११ मध्ये तो दर घेऊन भारतात आलेल्यास पहिलाच आकडा मिळत राहतो. रुपयाच्या घसरणीने थोडी भरपाई होते, इतकेच.

विम्याची वर्गणी सर्वांनी सारख्याच नियमाने भरली असता हा भेद न्याय्य म्हणणे कठीण. तथापि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १६ मार्च २०१० रोजी अशा निवृत्तांची तक्रार फेटाळली. वाढ मिळते ती परस्पर करार असल्यास, आणि भारताशी तसा करार नाही. जुलै २०२५ मधील व्यापारी कराराबरोबर ठरलेली सवलत तात्पुरत्या पाठविलेल्या नोकरवर्गाच्या वर्गणीपुरतीच आहे.