लेकरू लहान आहे, मग घरबसल्या धंदा कोणता? आधी वेळेचा हिशोब, मग कर्जाचा

लेकरू दीड-दोन वर्षांचं असलं की कापूस वेचणी असो की खुरपणी, बाईची रोजंदारी बंद पडते. अंगणवाडीत तीन वर्षांपुढची मुलं बसतात, त्याआधीचं लेकरू आईजवळच. मग बचत गटात विषय निघतो, "घरबसल्या काहीतरी चालू करू." पापड, मसाला, शिलाई, शेळी अशी नावं पुढे येतात. यातलं कोणतं जमेल, हे भांडवलाच्या आधी एका गोष्टीवर ठरतं. लेकरू रडलं तर काम मधेच ठेवून उठता येतं का?

मधेच थांबणारं काम निवडा

पापड लाटणं, वाती वळणं, साडीला पिको-फॉल, ब्लाउजला हूक लावणं ही कामं तासभर थांबली तरी नासत नाहीत. तळणाची कढई, गूळ-साखरेचा पाक, मिरची कुटणं यांचं तसं नाही. ही कामं सोडून उठता येत नाही आणि रांगत्या लेकराजवळ ती धोक्याचीही आहेत. ती सासू किंवा जाऊ घरी असतानाच करावीत. शेळी घ्यायची तर चारायला कोण नेणार, हे आधी घरात ठरवावं.

लिज्जत पापडाची सुरुवात 1959 साली मुंबईच्या गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन केली. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. पीठ शाखेत मळलं जातं, बायका ते घरी नेऊन लाटतात, वाळवतात आणि पापड जमा करून मजुरी घेतात. गावच्या गटालाही हे जमू शकतं. दळण, मळणं आणि विक्री ज्यांची मुलं मोठी आहेत त्यांनी बघावी, लाटण्याचं काम लेकुरवाळ्या बायकांना द्यावं.

आपली मजुरी धरता का?

बहुतेक घरचे धंदे इथेच फसतात. समजा, एक किलो पापडाला डाळ, तेल, दळण, पिशवी मिळून 190 रुपये लागले आणि 3 तास गेले. ओळखीतली बाई 260 रुपयाला मागते. वरचे 70 रुपये फायदा वाटतात, पण हिशोब केला तर तासाला जेमतेम 23 रुपये पडले. गावात खुरपणीला काय रोज मिळतो, त्याच्याशी हे ताडून बघावं. उधारी राहिली तर तेही हातात नाहीत. म्हणून पहिल्या दिवसापासून वहीत खर्च, तास आणि उधारी लिहावी.

कागद आणि पैसा

खाण्याची वस्तू विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते. लहान घरगुती धंद्याला तिची सरकारी फी वर्षाला 100 रुपये आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट होते. त्यासाठी कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नयेत.

सुरुवातीला गटातलं अंतर्गत कर्ज बरं. त्याहून जास्त लागलं तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंत बिनतारण कर्ज आहे. अन्न प्रक्रियेसाठी 2020 पासूनच्या केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत प्रकल्पाला 35 टक्के अनुदान (कमाल 10 लाख) आणि गटातल्या सदस्याला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल अशी तरतूद आहे. सध्या अर्ज घेतात का, हे तालुका कृषी कार्यालयात किंवा उमेदच्या ताईंना आधी विचारावं. अनुदान म्हणजे फुकटचा पैसा नव्हे, उरलेला हप्ता बँकेला भरावाच लागतो.

पेन्सिल पॅकिंगच्या मेसेजपासून सावध

"घरी पेन्सिल पॅक करा, महिना 30 हजार कमवा" असे मेसेज मोबाइलवर फिरतात. आधी नोंदणी फी मागतात, मग कुरिअरचे पैसे, मग आणखी काहीतरी. माल येतच नाही. काम देणारा आधी पैसे मागतो तिथे थांबावं. पैसे गेलेच तर लाज न धरता लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितकी पैसे परत मिळण्याची आशा कमी.

मशीन, कर्ज आणि ब्रँडचं नाव नंतर. आधी दोन किलो माल करावा, रोख विकावा आणि महिनाभर वही लिहावी. लेकराचं दूध-जेवण, झोप सांभाळून तासाला किती पडले हे त्या वहीत दिसेल. मगच पुढचं पाऊल टाकावं.