परांची का कोसळते?

परतवाडा सोडले की घाट लागतो आणि थोड्याच वेळात आपण वऱ्हाडच्या उकाड्यातून चिखलदऱ्याच्या धुक्यात शिरतो. सातपुड्याच्या कुशीतले, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे गाव. पावसाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तेथे जातो. गेल्या खेपेस भीमकुंडाच्या वाटेवर एका नव्या इमारतीचे काम चाललेले दिसले. गिलाव्यासाठी दोन मजले उंच बांबूची परांची बांधली होती. धुके एवढे दाट, की वरच्या फळीवरचा गवंडी मधूनच दिसेनासा होई. परांचीला कठडा नव्हता, तिरके बांबू नव्हते, गवंड्याच्या अंगावर पट्टा नव्हता. मिस्त्री खाली उभे होते. मी विचारले, "मिस्त्री, असे चालते का?" ते हसून म्हणाले, "सर, पंधरा सालापासून चढून रायलो, एकडावबी पडलो नाई."

उत्तर खोटे नव्हते. पण त्यावरून सिद्ध काय होते?

हिशेबासाठी असे समजू, की अशा परांचीवर काम करणारा माणूस एखाद्या दिवशी पडण्याचा संभव दहा हजारांत एक आहे. वर्षाला २५० दिवस काम धरले तर पंधरा वर्षांचे ३,७५० दिवस होतात. एका दिवशी न पडण्याचा संभव ०.९९९९. ही संख्या ३,७५० वेळा घेऊन गुणाकार केला तर उत्तर सुमारे ०.६९ येते. म्हणजे अशा शंभर गवंड्यांपैकी एकोणसत्तर जण पंधरा वर्षांनी मिस्त्रींसारखेच बोलतील आणि ते खरेच बोलत असतील. उरलेले एकतीस जण आपल्याला काही सांगायला तेथे उभे नसतील! वीस जणांच्या टोळीत हेच प्रमाण धरले तर सहा माणसे होतात.

तापलेल्या तव्याचा चटका एकदा बसला की मूल शहाणे होते. तेथे अनुभव हा गुरू असतो. पण क्वचित घडणाऱ्या आणि घडल्यावर दुसरी संधी न देणाऱ्या गोष्टी अनुभवाने शिकता येत नाहीत. त्या आधीच शिकाव्या लागतात. बांधकामावरील कामगारांना परांचीचे जे प्रशिक्षण देतात त्याचे कारण हे. त्यातले नियम वरवर पाहता सक्तीचे वाटतात. पण प्रत्येक नियमाच्या पाठीशी तुमच्या पुस्तकातलाच एखादा धडा आहे.

एक प्रयोग करा. प्लास्टिकची लांब फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून तळहाताने हळूहळू दाबा. पट्टी चुरडत नाही. ती एकाएकी बाजूला वाकते. आता मित्राला ती मधोमध दोन बोटांत नुसती धरायला सांगा, आणि पुन्हा दाबा. आता कितीतरी अधिक जोर लागतो. सडपातळ खांब असाच वाकून निकामी होतो, हे लेओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवून दिले होते. खांबाची आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की त्याची भार पेलण्याची शक्ती निम्मी नव्हे, एक चतुर्थांश होते. उलट, मध्यावर भिंतीला पक्का बांधलेला बांबू चौपट भार घेतो. परांची ठराविक अंतरावर इमारतीला जखडावी असा नियम आहे तो यासाठी. गिलावा करताना आड येते म्हणून एक जखडण सोडली, तर त्या बांबूची तीन चतुर्थांश ताकद आपण एका झटक्यात काढून घेतो. वरून मात्र काहीच बदललेले दिसत नाही.

दुसरा प्रयोग चार कामट्यांचा. त्यांची टोके दोऱ्याने बांधून चौकोन करा आणि कोपरा ढकला. चौकोन लगेच कलंडतो. त्याच्या कर्णावर पाचवी कामटी बांधा. आता चौकोनाचे दोन त्रिकोण झाले, आणि बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्रिकोणाचा आकार बदलूच शकत नाही. परांची म्हणजे नुसत्या चौकोनांची जाळी. तिरके बांबू नसतील तर ती भार पेलते खरी, पण बाजूचा धक्का पेलत नाही.

हा बाजूचा धक्का चिखलदऱ्याला वारा देतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन असतो. पाऊस लागू नये म्हणून परांचीवर १० मीटर लांब आणि ६ मीटर उंच ताडपत्री बांधली, तर तिच्यावर ३,६०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३७० किलोग्रॅम वजनाइतका जोर येतो. वेग दुप्पट झाला की तोच जोर दीड टनाच्या घरात जातो. पावसापासून आडोसा म्हणून बांधलेली ताडपत्री जहाजाच्या शिडासारखी वागू लागते!

पायाचेही तसेच. चिखलदऱ्याला खाली कातळ किंवा मुरूम लागतो. पण घाट उतरून अचलपूरकडे किंवा अकोल्याकडे आलात की काळी जमीन, पावसात लोण्यासारखी मऊ. आठ सेंटिमीटर जाडीच्या बांबूचे बूड सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. त्यावर २०० किलोग्रॅमचा भार आला तर दर चौरस सेंटिमीटरला ४ किलोग्रॅम दाब पडतो. तोच बांबू २५ गुणिले ४० सेंटिमीटरच्या जाड फळीवर उभा केला तर दाब विसावा हिस्सा होतो. एक फळी, एवढाच काय तो खर्च.

बांबूबद्दल कोणी गैरसमज करून घेऊ नये. मेळघाटच्या जंगलातला बांबू चिवट आणि हलका असतो, आणि पोलादी नळ्यांचीही परांची वाईट बांधली तर कोसळतेच. मात्र बांबू पक्का झालेला हवा, चिरलेला किंवा भुंगेऱ्याने पोखरलेला नको. गाठीही रोज पाहाव्या लागतात. तागाचा वा अंबाडीचा दोर ओला झाला की फुगून आखडतो, वाळला की सैल पडतो. त्यामुळे पावसानंतर ऊन पडले की आदल्या दिवशी घट्ट वाटलेली गाठ तपासून घ्यावी. हाँगकाँगमध्ये बांबूची परांची बांधणाऱ्यांसाठी रीतसर प्रशिक्षण आणि कसोटी असते.

आता पडण्याविषयी. सहा मीटरवरून पडणारा माणूस सुमारे १.१ सेकंदात जमिनीला भिडतो, त्या वेळी त्याचा वेग ताशी ३९ किलोमीटर असतो. त्याला अडवायला दोर आहे. पण तो कसा अडवतो ते पाहा. माणूस २ मीटर पडला आणि दोर फक्त १० सेंटिमीटर ताणून त्याने त्याला थांबवले, तर अंगावर येणारा सरासरी जोर त्याच्या वजनाच्या एकवीस पट होतो. माणूस जमिनीवर आपटत नाही, पण दोरच त्याचा मणका मोडू शकतो. म्हणून दोराला घडी घालून शिवलेली एक पट्टी जोडतात. झटका बसला की तिची शिवण उसवत जाते, थांबण्याचे अंतर मीटरभर होते आणि जोर वजनाच्या तिपटीवर येतो. नुसत्या कमरपट्ट्याऐवजी खांदे व मांड्या यांनाही धरणारा पट्टा वापरतात, कारण हा जोर मग शरीरभर वाटला जातो.

दोर अडकवायचा कोठे? डोक्याच्या वर. पायाशी अडकवला तर १.८ मीटरचा दोर, उसवणारी पट्टी १ मीटर, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंतचे दीड मीटर आणि थोडी सवड मिळून खाली पाच मीटरहून अधिक मोकळी जागा लागते. पहिल्या मजल्यावर ती नसतेच! तेथे माणसाला खरे वाचवतो तो साधा कठडा, कमरेच्या उंचीचा. त्याच्या जोडीला फळीच्या कडेला १५ सेंटिमीटरची पट्टी असावी, म्हणजे वीट घसरून खालच्याच्या डोक्यावर येत नाही. उलट, गोराघाट आणि हरिकेन पॉइंट यांमधील दरीवर सिडकोने ४०७ मीटर लांबीचा स्कायवॉक हाती घेतला, तशा कामात ठिकठिकाणी कठड्याला जागा मिळणे कठीण. तेथे पट्टा आणि दोर यांवरच भिस्त. आणि दोराला लोंबकळत राहिलेल्या माणसाला मिनिटांत खाली घ्यावे लागते, कारण पायांत रक्त साचून तो बेशुद्ध होऊ शकतो. चांगल्या प्रशिक्षणात या सुटकेचाही सराव करून घेतात.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. परांचीविषयीचे भारतीय मानक, आयएस ३६९६, आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषद ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झाली; तुमच्या शाळेत ४ मार्चला सुरक्षा दिन होत असेल तो त्यामुळेच. बांधकाम कामगारांसाठी संसदेने १९९६ साली स्वतंत्र कायदाही केला. तरी मला स्वतःला अडचण दिसते ती भाषेची. मेळघाटातील कितीतरी कोरकू माणसे शेतीची कामे सरल्यावर बांधकामांवर जातात. त्यांना परक्या भाषेत अर्धा तास भाषण ऐकवून अंगठा घेतला, तर कागद पूर्ण होतो, प्रशिक्षण होत नाही. पाच कामट्यांचा प्रयोग मात्र कोणत्याही भाषेत कळतो.

तोच आम्ही त्या दिवशी मिस्त्रींना दाखवला. त्यांनी चौकोन दोनतीनदा ढकलून पाहिला, मग पाचवी कामटी बांधून ढकलला. "हे बराबर हाय," ते म्हणाले, "पन बांबू सरले ना सर. उद्या गाडी येनार हाय." मग आजचा दिवस गवंड्याला खालच्या भिंतीचे काम द्या, असे मी सुचवले. मिस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी धुक्यात वर पाहून गवंड्याला हाक मारली.