कॉन्फिगरेशन फाइल गायब झाली, तर?

कॉन्फफाइल : पॅकेजसोबत येणारी, पण अ‍ॅडमिनने बदलायची सेटिंग्जची फाइल. जागा बहुधा ‘/ईटीसी’ डिरेक्टरीत.

डेबियन, उबुंटू (डीपीकेजी, १९९४ पासून)

• फाइल पुसली, तर तो अ‍ॅडमिनचा निर्णय मानला जातो. पॅकेज पुन्हा इन्स्टॉल केले तरी ती परत येत नाही. अनेकजण नेमके इथेच अडतात.

• नव्या आवृत्तीत मूळ फाइल बदललेली असेल, तर डीपीकेजी थांबून नवी फाइल हवी का, असे विचारतो. नुसते एंटर दाबले, तर उत्तर ‘नको’.

• हे कळते कसे? इन्स्टॉल करताना प्रत्येक कॉन्फफाइलचा एमडी५ ठसा नोंदवला जातो. पुढे त्याच्याशी ताडून पाहिले जाते.

• फाइल परत हवी असल्यास पर्याय : ‘--फोर्स-कॉन्फमिस’.

• ‘रिमूव्ह’ केल्यावर कॉन्फफाइल आणि तिची नोंद मागे राहते. ‘पर्ज’ दोन्ही काढतो. त्यानंतरच्या इन्स्टॉलमध्ये कोरी फाइल मिळते.

• पॅकेजच्या स्क्रिप्टने तयार केलेली फाइल कॉन्फफाइल नव्हे. तिला वरचे नियम लागू नाहीत. हा फरक महत्त्वाचा.

फेडोरा, रेड हॅट (आरपीएम)

• रीत उलटी. गायब फाइल अपग्रेड किंवा री-इन्स्टॉल करताना परत येते. अपवाद : ‘मिसिंगओके’ अशी खूण असलेल्या फाइली.

• ‘आरपीएम -व्ही’ या तपासणीत गायब फाइलीपुढे ‘मिसिंग’ दिसते.

आर्च (पॅकमन)

• इथेही फाइल परत येते. नको असल्यास ‘नोएक्स्ट्रॅक्ट’ यादीत नाव घालावे.