बिनभाड्याचे घर, बिनपत्त्याचा संसार

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांस छेदतात. या रस्त्यांच्या कडेला, तसेच जळगाव जिल्ह्यातील बाजाराच्या गावांबाहेर, गाडी लोहारांची बिऱ्हाडे उतरलेली दिसतात. गाडीत अंथरूण-पांघरूण आणि भांडीकुंडी, शेजारी ताडपत्रीचा आडोसा, पुढ्यात भाता आणि ऐरण. पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरतो आणि पुष्कळदा घरची बाईच घण घालते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी, वखराच्या पासा यांची कामे संपली की बिऱ्हाड पुढच्या गावी निघते. काहींच्या बैलगाडीची जागा आता टेम्पोने घेतली आहे. संसार मात्र चाकांवरच आहे.

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर ही व्यवस्था मुळीच अडाणीपणाची नाही. घरभाडे नाही, घरपट्टी नाही, विजेचे बिल नाही. घर, दुकान आणि वाहन या तिन्हींचे भांडवल एकाच गाडीत सामावलेले असते. एका गावात बारमाही पुरेल इतके काम नसते, म्हणून दुकानच गिऱ्हाइकाच्या दारी जाते. चितोड पडल्यावर घरात न राहण्याची शपथ पूर्वजांनी घेतली, असे ही जमात परंपरेने सांगते. 1955 साली पंडित नेहरूंच्या उपस्थितीत चितोडगडावर त्या शपथेतून मुक्त होण्याचा समारंभही झाला. तरीही गाड्या फिरतच राहिल्या. शपथ सुटली, तरी पोट सुटत नाही!

चाकांवरचा संसार ही केवळ गरीब देशांतील गोष्ट आहे असेही नव्हे. 2008 च्या मंदीनंतर अमेरिकेतील अनेक वृद्धांनी घराचे हप्ते वा भाडे परवडेना म्हणून मोटारगाडीतच मुक्काम हलवला. जेसिका ब्रूडर यांच्या 'नोमॅडलँड' या 2017 च्या पुस्तकात त्यांची हकीकत आहे, आणि त्यावरील चित्रपटाला 2021 साली ऑस्कर मिळाले. हंगाम आला की यांतील काही जण साखरेच्या बीटाच्या काढणीला जातात. साखर कारखान्यांच्या मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीसाठी चाळीसगावकडून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांची आठवण व्हावी, असेच हे चित्र आहे.

परंतु येथे एक महत्त्वाचा भेद आहे. अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल स्वीकारणाऱ्या संस्थेचा पत्ता दाखवून अशा फिरत्या माणसाला वाहनपरवाना मिळू शकतो. गाडी कोठेही फिरो, कागदावरचा पत्ता स्थिर राहतो. आपल्याकडे घर आणि पत्ता यांची गाठ इतकी पक्की की, ज्याला घर नाही त्याला पत्ता नाही, आणि ज्याला पत्ता नाही तो सरकारदरबारी जवळजवळ नाहीच. भटक्या जमातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. पिढ्यान्‌पिढ्या रस्त्यावर काढलेल्या कुटुंबाने हा कागद आणावा कोठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. तारण नाही म्हणून बँकेचे कर्ज नाही, आणि गरज तर थांबत नाही, म्हणून सावकाराचे व्याज. भाड्यात वाचलेला पैसा असा दुसऱ्या वाटेने जातो. बचत दिसते, नुकसान कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

या अनोळखीपणाची किंमत कधी पैशापलीकडे जाते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. आपण कोण, कोठले, हे सांगूनही ज्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्यांच्या बाबतीत स्वस्त राहणीचे कौतुक करणे ही क्रूर थट्टा ठरेल.

वस्तुतः नियम पुष्कळसे अनुकूल आहेत. बेघर माणूस सांगितलेल्या जागी रात्री झोपतो याची खात्री मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने केली, तर पत्त्याच्या कागदाशिवाय त्याचे नाव मतदारयादीत येऊ शकते. शिधापत्रिकेवरचे धान्य आता दुसऱ्या गावी, दुसऱ्या राज्यातही उचलता येते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. भटक्यांना जागा व घरे देणारी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनाही आहे.

उणीव आहे ती नियम आणि माणूस यांच्यामधल्या टेबलाजवळ. गावाबाहेर गाडी उतरली की शिक्षकाने मुले विचारत जावे, तलाठ्याने वा ग्रामसेवकाने नावे लिहून घ्यावीत, कारकुनाने अर्ज परत न करता काय हवे ते एकदाच नीट सांगावे. यासाठी वेगळ्या अनुदानाची गरज नाही. सर्वांनी स्थिर व्हावे असा हट्टही नको. ज्याला घर हवे त्याला घर मिळावे, ज्याचा धंदा फिरता आहे त्याने खुशाल फिरावे. मात्र पत्ता दोघांनाही हवा. घर चाकांवर असू शकते. नागरिकत्व चाकांवर असता कामा नये.