पेट्रोल-बाष्पाची गळती : शोध आणि उपाय

मोटारीपासून होणारे प्रदूषण म्हटले की सायलेन्सरमधून निघणारा धूर डोळ्यांपुढे येतो. परंतु इंजिन बंद करून उन्हात उभी केलेली मोटारही हवा दूषित करू शकते. पेट्रोल साध्या तापमानालाही वेगाने उडून जाणारे द्रव्य आहे. टाकी तापली की त्याचे बाष्प तयार होते आणि वाट मिळेल तेथून ते बाहेर पडते. या बाष्पातील हायड्रोकार्बन वायूंचा नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी सूर्यप्रकाशात संयोग झाला म्हणजे जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. श्वसनसंस्थेस तो अपायकारक असतो. शिवाय बाष्पात बेंझीनसारखे कर्करोगास कारणीभूत होणारे द्रव्यही असते.

बाष्प अडविण्याची योजना

हे बाष्प मोकळे सोडू नये, असा नियम प्रथम कॅलिफोर्नियात १९७०च्या मॉडेलांपासून व पुढील वर्षी सर्व अमेरिकेत लागू झाला. त्यासाठी योजलेली रचना साधी आहे. टाकीतील बाष्प नळीवाटे एका डब्यात नेले जाते. या डब्यास कॅनिस्टर म्हणतात. त्यातील सक्रिय कोळसा बाष्प शोषून धरतो. इंजिन चालू असताना योग्य वेळी विजेवर चालणारी एक झडप उघडते, तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. मग बाहेरची हवा कोळशातून ओढली जाते आणि साठलेले बाष्प इंजिनात जाऊन जळते. म्हणजे जे वाया गेले असते ते इंधन म्हणून उपयोगी पडते.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनुसार पेट्रोल मोटारीच्या बाष्प-उत्सर्जनाची मर्यादा प्रत्येक चाचणीस २ ग्रॅम आहे. ही चाचणी नव्या मॉडेलला मान्यता देताना बंदिस्त कक्षात गाडी ठेवून केली जाते. डिझेल सहजासहजी उडून जात नसल्याने डिझेल वाहनांना ही रचना लागत नाही.

दोष नजरेस का येत नाही?

गाडी जुनी होते, रबरी नळ्या कडक होऊन तडकतात, झाकणाचा वॉशर चपटा होतो. मात्र पी.यू.सी. तपासणीत केवळ सायलेन्सरमधून निघणारा वायू मोजला जातो. टाकीपासून होणारी गळती तेथे कळत नाही. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून सुमारे १ मिलिमीटर छिद्राएवढी गळती गाडीतील यंत्रणेनेच ओळखावी, असे बंधन आले. पुढे कॅलिफोर्नियात २००० पासून टप्प्याटप्प्याने ही मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणण्यात आली. भारतातील मानके युरोपीय धर्तीची आहेत. त्यांत पर्ज झडपेच्या विद्युत जोडणीवर लक्ष ठेवणे एवढीच किमान अपेक्षा आहे. तेव्हा इंजिनाचा इशारा-दिवा लागला नाही, म्हणजे गळती नाही, असे समजणे बरोबर नव्हे.

तपासणीचा क्रम

गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर प्रथम द्रवरूप पेट्रोल ठिबकत नाही ना, हे पाहावे. ठिबकत असल्यास गाडी सुरू न करता तज्ज्ञास बोलवावे. तसे नसल्यास पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१. टाकीचे झाकण : वॉशरला चीर किंवा धूळ आहे काय, ते पाहावे. झाकण टक्-टक् आवाज येईपर्यंत फिरवून बसवावे. सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच असल्याने आरंभ येथून करावा.

२. नळ्या : टाकी ते कॅनिस्टर व कॅनिस्टर ते इंजिन या मार्गातील प्रत्येक सांधा, वाक आणि क्लिप तपासावी.

३. कॅनिस्टर : डबा फुटलेला आहे काय, तो पेट्रोलने भिजला आहे काय, नळीत कोळशाचे कण आले आहेत काय, हे पाहावे.

४. पर्ज झडप : वीजपुरवठा नसताना ती बंद असली पाहिजे. ती उघडी अडकल्यास पेट्रोल भरल्यानंतर गाडी लवकर सुरू होत नाही अथवा संथ गतीवर इंजिन धडधडते.

५. धूर-चाचणी : एवढे करूनही दोष सापडला नाही, तर गॅरेजमध्ये धूर-यंत्र लावून घ्यावे. बाहेरची हवा घेण्याचे तोंड बंद करून यंत्रणेत अत्यल्प दाबाने पांढरा धूर सोडतात. जेथून तो बाहेर येतो तेथे गळती असते. दुरुस्तीनंतर हीच चाचणी पुन्हा करावी.

या क्रमाचा मुख्य लाभ असा की, दोष निश्चित होण्यापूर्वी महागडे भाग बदलण्याचा खर्च टळतो. सरकारी वाहनांच्या दुरुस्तीची देयके मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही कोणती तपासणी होऊन भाग बदलण्यात आला, हे अवश्य विचारावे.

धोक्याची जाणीव

पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत व खड्ड्यात साचते आणि एका ठिणगीने पेट घेते. म्हणून तपासणी मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करावी. विडी, सिगारेट व उघडी ज्योत दूर ठेवावी. चाकात हवा भरण्याचा कॉम्प्रेसर टाकीच्या नळीस कदापि जोडू नये. त्या दाबाने टाकी फुटू शकते, शिवाय आत स्फोटक मिश्रण तयार होते. याच कारणास्तव धूर-यंत्रासाठी साध्या हवेऐवजी नायट्रोजन वापरणे अधिक सुरक्षित मानले जाते.

पेट्रोल पंपावर नळी आपोआप बंद झाल्यानंतर आणखी पेट्रोल भरण्याचा आग्रह अनेकजण धरतात. त्यामुळे द्रवरूप पेट्रोल कॅनिस्टरमध्ये शिरून कोळसा निकामी होऊ शकतो. एवढी एक सवय सोडली, झाकण नीट लावले आणि वर्षातून एकदा नळ्या पाहिल्या, तरी बराचसा दोष मुळातच टळेल. शाळेच्या आवारात किंवा पंचायतीच्या अंगणात उभी राहणारी गाडी तेथील मुलांच्या व माणसांच्या श्वासाशी निगडित आहे, याचे भान वाहन बाळगणाऱ्या प्रत्येकाने ठेवणे अगत्याचे आहे.