दोन चमचे पाणी

‘पाण्याने इंजिनाचा लोखंडी रॉड वाकतो’ असे कोणी दुसऱ्या वर्षात सांगितले असते, तर मी हसलो असतो. गेल्या पावसाळ्यात नवेगाव बांधला जाऊन आलो आणि ते हसू जिरले.

गाडी माझ्या रूममेटच्या बाबांची. साधी १२०० सीसीची पेट्रोल गाडी. तिला ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायची टूम मात्र माझीच. कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढायचा, त्या जागी रुंद, गुळगुळीत पाईप टाकायचा आणि टोकाला शंकूसारखा फिल्टर. बोनेटखालची गरम हवा नको, म्हणून हा फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या मागे. नागपूरहून किट आणले आणि एका रविवारी हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये दोघांनी बसवले. आवाज काय भारी यायचा!

यामागचे शास्त्र खोटे नाही. थंड हवा दाट असते. बोनेटखाली ५५ अंश आणि बाहेर ३५ अंश धरले, तर बाहेरची हवा सुमारे साडेसहा टक्के दाट. जास्त ऑक्सिजन, जास्त ताकद. पण बहुतेक गाड्यांत कंपनीचा पाईपसुद्धा बाहेरचीच हवा घेतो, फक्त वरून, रेडिएटरच्या वरच्या पट्टीजवळून. म्हणजे थंड हवा आधीच मिळत होती. आम्ही कमावला तो मुख्यतः आवाज, आणि गमावली ती उंची.

बांध बघून परतताना आम्ही आतल्या रस्त्याने निघालो. दोन्हीकडे धानाच्या भरलेल्या बांध्या. वाटेत एका रपट्यावरून पाणी वाहत होते, अर्धे चाक बुडेल एवढे. आमच्या पुढे अगदी तशीच गाडी हळूहळू पार झाली. रूममेट म्हणाला, “ते गेले ना, आपणही जाऊ.” निम्म्यात पोहोचलो तोच समोरून ट्रॅक्टर आला. त्याची लाट बंपरवर आदळली, गाडीने एक आचका दिला आणि बंद.

“काऊन बंद पडली बे?”

“सेल मार ना,” मी म्हणालो. त्याने मारला. दुसऱ्यांदा मारला तेव्हा इंजिन क्षणभर पेटले, ‘खट्’ असा आवाज आला आणि संपले.

आता गणित बघा. चार सिलिंडर, म्हणजे प्रत्येकी ३०० सीसी. कॉम्प्रेशन रेशो १०:१ धरला, तर पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा ३०० भागिले ९, म्हणजे सुमारे ३३ सीसी. जेवणाचे दोन मोठे चमचे! हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबले जात नाही. ३३ सीसीपेक्षा जास्त पाणी आत असेल, तर पिस्टन वर जाऊच शकत नाही. खालून क्रँकशाफ्ट मात्र ढकलत असते. मधल्या मध्ये वाकतो तो कनेक्टिंग रॉड. यालाच ‘हायड्रोलॉक’ म्हणतात. डिझेलचा रेशो १६-१७ च्या आसपास असतो, त्यामुळे तिथे याहूनही कमी पाणी पुरते.

आणि एवढे पाणी ओढायला वेळ किती? हेच इंजिन ३००० फेऱ्यांवर, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला असता, सेकंदाला ३० लिटरपर्यंत हवा ओढते. बुडालेला फिल्टर म्हणजे सरबतात बुडवलेली स्ट्रॉ.

मिस्त्रीकाकांनी स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवले, तर पाण्याची चिळकांडी उडाली. ते म्हणाले, “पोरांनो, बंद पडली तेव्हाच इथे आणली असती तर प्लग काढून पाणी फेकलं असतं, ऑइल बदललं असतं. बहुतेक वाचली असती. दुसऱ्या सेलनं घात केला.” तो सेल मारायला मीच सांगितले होते. बिल भरले रूममेटच्या बाबांनी, धान विकून आलेल्या पैशातून. मला ते एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

१. इनटेक बदलायचाच असेल, तर फिल्टरची जमिनीपासूनची उंची आधी मोजा. कंपनीने ठेवली त्यापेक्षा खाली आणू नका.

२. फिल्टरवर चढवायचे पाणीरोधक कापड शिंतोडे अडवते. फिल्टर बुडाला तर ते वाचवत नाही.

३. पाण्यात गाडी बंद पडली तर सेल मारू नका. ढकलून बाहेर काढा, बॅटरीची तार सोडा, मिस्त्रीला बोलवा.

४. साध्या विम्यात असे बिघडलेले इंजिन सहसा बसत नाही. ‘इंजिन प्रोटेक्ट’ ही वेगळी जोड घ्यावी लागते. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल, तर तिथेही अडचण येते.

उंचीसुद्धा सगळ्यातून वाचवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत बोनेटपर्यंत पाणी चढले. तिथे कंपनीचा पाईप तरी काय करणार? पण रपट्यावरच्या फूटभर पाण्यातून तो नक्की वाचवतो. पुढची गाडी त्यानेच पार झाली.

नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तलाव बांधणारा माणूस पाणी कुठवर चढेल आणि कुठून बाहेर पडेल, हे आधी ठरवतो. आम्ही त्याच पाळीवर उभे राहून फोटो काढले आणि तासाभरात नेमके तेच विसरलो.